नकोशी : या नावाचा अर्थ काय, आणि ते आलं कुठून?

तुमच्या घरीही बाळाचं नाव शोधणं सुरू आहे का? मग फोनवर 'न' अक्षराच्या याद्या चाळून झाल्या असतील. नव्या, निधी, नंदिनी... आज अशा एका नावाबद्दल बोलूया, जे कुठल्याच यादीत नसतं, पण कितीतरी मुलींच्या शाळेच्या दाखल्यावर होतं.

नकोशी. कुठे नकुसा, कुठे नकुशी. अर्थ सरळ आहे: नको असलेली. इथे रायपूरजवळ सिलतऱ्यात आम्ही दिवसभर हिंदी बोलतो. हिंदीत यासाठी 'नहीं चाहिए' म्हणावं लागतं. मराठीत 'नको' एवढ्या एकाच शब्दात काम होतं, आणि त्याच शब्दाचं मुलीचं नाव झालं.

घरात दोन-तीन मुली झाल्या की पुढच्या मुलीला हे नाव ठेवायचं, म्हणजे देवाला निरोप पोचतो आणि पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत होती. तुम्ही म्हणाल, मुलांनाही धोंडू, दगडू म्हणायचेच की! हो, पण ते नजर लागू नये, मूल जगावं म्हणून. तो हवा होता म्हणून दगडू. ती नको होती म्हणून नकोशी. मला तरी हा फरक वाचून गप्प व्हायला झालं.

हे फक्त मराठीतच घडलं असं नाही. राजस्थानात 'धापू' म्हणजे पोट भरलं, आता पुरे. चीनमध्ये 'चाओदी' म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आण.

ऑक्टोबर २०११मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींनी हे नाव टाकून नवं नाव घेतलं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. सावित्रीबाई फुले यांचं जन्मगाव नायगाव याच जिल्ह्यातलं, हेही सांगायला हवं.

तुमच्या ओळखीत अशी कुणी आहे का? तिला नाव बदलायचं असेल तर शपथपत्र करून राजपत्रात नोंद करता येते. शाळा, आधार, बँक इथली नावं मग त्यावरून बदलून घ्यायची. आणि तान्ह्या बाळासाठी घाई नको! जन्माची नोंद २१ दिवसांत करा, पण त्यात नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. त्यानंतरही शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत मुभा असते.