पहिले पुस्तक: दोष विद्यार्थ्याचा की ग्रंथाचा?

नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी पुस्तकांच्या दुकानांत जी गर्दी लोटते, तीत संगणकाच्या भाषेवरील पुस्तक मागणारा ग्राहक आता नवा राहिलेला नाही. अभियांत्रिकीचा विद्यार्थी तर तेथे असतोच. परंतु वाणिज्य शाखेचा पदवीधर, संगणक हा विषय नव्याने गळ्यात पडलेला शिक्षक आणि कचेरीतील तेच ते तक्ते दर महिन्यास भरून कंटाळलेला लिपिकही असतो. या सर्वांचा प्रश्न एकच असतो: सुरुवातीस कोणते पुस्तक घ्यावे? त्यास मिळणारी उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. दुकानदार सर्वांत अधिक खपणारे पुस्तक पुढे करतो, प्राध्यापक आपण ज्यावर शिकलो ते सुचवतात, आणि जाणकार मित्र सर्वांत नावाजलेल्या ग्रंथाचे नाव सांगतो. विचारणारा कोण आहे, त्याला आधी काय येते आणि शिकून काय करावयाचे आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

ही निवड वरवर पाहता क्षुल्लक वाटते. एक पुस्तक चुकले तर दुसरे घेता येईल, असे कोणी म्हणेल. परंतु येथे होणारे खरे नुकसान पैशाचे नसते. नवशिक्या वाचकास पुस्तकाची पारख नसते, आणि ती नसते म्हणूनच तो नवशिका असतो. चाळिसाव्या पानावर अडला म्हणजे पुस्तक चुकले, असे त्याच्या मनात येत नाही. आपली बुद्धीच तोकडी पडली, असे तो समजून चालतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत इंग्रजीची धास्ती या समजुतीला आणखी बळकटी देते. ‘हा विषय आपला नव्हे’ असा निकाल तो स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो, आणि त्या निकालावर अपील करण्यास सहसा कोणी पुढे येत नाही.

थोर ग्रंथ, पण कोणासाठी?

नावाजलेला ग्रंथ आणि उपयुक्त ग्रंथ यांत गल्लत कशी होते, याचे उत्तम उदाहरण सी या भाषेच्या संदर्भात सापडते. या भाषेचे जनक डेनिस रिची आणि बेल प्रयोगशाळेतील त्यांचे सहकारी ब्रायन कर्निहॅन यांनी १९७८ मध्ये ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हा ग्रंथ लिहिला; १९८८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. पहिली आवृत्ती जेमतेम सव्वादोनशे पानांची. एक शब्द जास्त नाही की एक कमी नाही. या क्षेत्रातील अभिजात ग्रंथांत त्याची गणना होते ती योग्यच आहे. परंतु हे प्रोग्रॅमिंगची प्राथमिक ओळख करून देणारे पुस्तक नव्हे, व्हेरिएबल, लूप, फंक्शन या कल्पना वाचकास थोड्याफार ठाऊक आहेत असे येथे गृहीत धरले आहे, हे लेखकांनी प्रस्तावनेतच स्वच्छ सांगून टाकले होते. तरीही प्रस्तावना न वाचता हा ग्रंथ पहिल्या वर्षाच्या मुलांना सुचवणारे सल्लागार पिढ्यान् पिढ्या निघाले. मुळाक्षरे गिरवणाऱ्या मुलाच्या हाती मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ ठेवावे, तसाच हा प्रकार होय. दोष ना दामल्यांचा, ना मुलाचा, दोष देणाऱ्याचा.

याच्या उलट टोकाला दीड हजार पानांचे ठोकळे असतात. भाषेतील एकही गोष्ट सुटू नये, हा त्यांचा संकल्प असतो. अडलेली बाब शोधण्यास असा ग्रंथ कपाटात जरूर असावा. परंतु शब्दकोश कितीही परिपूर्ण असला तरी तो पहिल्या पानापासून वाचून कोणी भाषा शिकत नाही.

एका शिक्षकाचे धाडस

या बाबतीत अ‍ॅलन डाउनी या अमेरिकन प्राध्यापकाची हकिकत प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावी अशी आहे. १९९९ च्या आरंभी त्यांना जावा या भाषेचा प्राथमिक वर्ग घ्यावयाचा होता. हाच वर्ग त्यांनी पूर्वी तीन वेळा घेतला होता आणि नापास होणाऱ्यांची संख्या त्यांना खुपत होती. पहिली काही प्रकरणे मुले सहज पार करीत, आणि पुढे एकाएकी पायाखालची फळी निसटावी तशी कोसळत. मुलांची कुवत कमी, असे म्हणून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. डाउनींनी दोष पुस्तकांच्या माथी मारला: ती फार जाडजूड होती, भाषेच्या बारकाव्यांनी भरलेली होती, आणि विचार कसा करावा हे मात्र सांगत नव्हती. वर्ग सुरू होण्यास दोन आठवडे उरले असता त्यांनी स्वतःच पुस्तक लिहावयास घेतले आणि दिवसाला एक प्रकरण या गतीने ते उभे केले. मुलांनी पन्नास पाने न वाचण्यापेक्षा दहा पाने वाचलेली बरी, एवढे साधे त्याचे सूत्र होते.

हे पुस्तक त्यांनी सर्वांस मोकळे ठेवले. तेव्हा व्हर्जिनिया राज्यातील जेफ एल्कनर या माध्यमिक शिक्षकाने ते उचलले आणि जावाऐवजी पायथॉन या भाषेत उतरवले. गंमत अशी की, पायथॉन ही भाषा डाउनी स्वतः आपल्याच पुस्तकाच्या या अवतारावरून शिकले! पुढे त्यातूनच ‘थिंक पायथॉन’ तयार झाले; त्याची तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये निघाली आणि ती आजही विनामूल्य वाचावयास मिळते.

आवृत्तीचा घोळ

पुस्तक कोणासाठी आहे हे कळले, की दुसरा प्रश्न ते कोणत्या काळाचे आहे हा. मराठीत आवृत्ती हा शब्द पुस्तकालाही लागतो आणि संगणक-भाषेलाही. परंतु दोहोंचा मेळ बसतोच असे नाही. पायथॉनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी कायमची थांबली. ग्रंथालयांत व जुन्या पुस्तकांच्या बाजारात मात्र दुसऱ्या आवृत्तीवरील पुस्तके अद्याप आढळतात. अशा पुस्तकातील अगदी पहिले उदाहरण, म्हणजे पडद्यावर एक वाक्य उमटवण्याचे, विद्यार्थी जसेच्या तसे टंकतो आणि यंत्र ते नाकारते. कारण ‘प्रिंट’ या आज्ञेपुढील मजकूर आता कंसात लिहावा लागतो. त्याहून फसवी गोष्ट भागाकाराची. १५ ला २ ने भागले असता जुने पुस्तक ७ हे उत्तर छापते, समोरचे यंत्र ७.५ दाखवते. गुणांची सरासरी काढावयास निघालेल्या शिक्षकाने अशा वेळी कोणावर विश्वास ठेवावा?

सीची गोष्टही वेगळी नाही. १९८७ मध्ये बाजारात आलेले टर्बो सी आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत त्यानंतर कित्येक वर्षे ठाण मांडून होते. पडदा पुसण्याची किंवा कळ दाबेपर्यंत थांबण्याची त्यातील आज्ञा ही सी भाषेचाच भाग आहे, असे विद्यार्थ्यांच्या पिढ्या मानीत आल्या. वस्तुतः ती त्या एका साधनाची सोय होती. प्रमाण भाषेत तिला स्थान नाही. म्हणून पुस्तक विकत घेण्यापूर्वी प्रकाशनाचे वर्ष आणि भाषेची आवृत्ती ही दोन्ही पाहावी. केवळ पुनर्मुद्रणाच्या तारखेवर विसंबू नये.

वाचावयाचे की करावयाचे?

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची: पुस्तक वाचकाकडून काय करवून घेते? पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसेच हेही. ‘एकवीस दिवसांत’ किंवा ‘चोवीस तासांत’ भाषा शिकवण्याची हमी देणाऱ्या पुस्तकांचा समाचार घेताना पीटर नॉर्विग या संगणक-शास्त्रज्ञाने २००१ मध्ये ‘दहा वर्षांत प्रोग्रॅमिंग शिका’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला होता. त्यातील उपरोध बाजूला ठेवला तरी तात्पर्य खरे आहे: हा वाचनाचा विषय नसून सरावाचा आहे. तेव्हा दुकानात उभ्या उभ्या पुस्तक चाळताना पहिले प्रकरण पाहू नये. ते सर्वांचेच सोपे असते. चौथे-पाचवे प्रकरण उघडावे. तेथे प्रत्येक उदाहरणामागचे कारण दिले आहे काय, प्रकरणाअखेर कष्ट करावयास लावणारे प्रश्न आहेत काय, यंत्राने चूक दाखवली तर तिचा अर्थ कसा लावावा हे सांगितले आहे काय, हे पाहावे. परीक्षेपुरती तयार उत्तरे देणारी गाइडे या कसोटीस उतरत नाहीत.

शिवाय प्रत्येकाची गरज वेगळी. तक्ते, फायली आणि पत्रे यांच्या ढिगाऱ्यात काम करणाऱ्या लिपिकास अल स्वाइगार्ट यांच्या २०१५ मध्ये प्रथम निघालेल्या ‘ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथॉन’ सारखे पुस्तक जवळचे वाटेल. कारण त्यातील उदाहरणेच कचेरीच्या टेबलावरची आहेत.

आता यंत्रास साध्या भाषेत सांगितले की तेच आज्ञावली लिहून देते, मग पुस्तक कशास हवे, असेही विचारले जाते. परंतु दुसऱ्याने लिहून दिलेल्या अर्जावर सही करण्यापूर्वी तो वाचता यावा लागतो. यंत्राने दिलेली आज्ञावली बरोबर की चूक, हे ज्यास ठरवता येत नाही, त्याची सोय झाली असे म्हणता येईल. तो शिकला असे म्हणता येणार नाही.

राहता राहिला मराठीचा प्रश्न. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमाने काही भाषांचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध केले आहेत, हे स्वागतार्हच आहे. पण पाठ ऐकणे ही पुस्तकाची जागा नव्हे. ‘थिंक पायथॉन’चा परवाना व्यापारी हेतू नसल्यास, मूळ लेखकाचा उल्लेख करून, भाषांतराची व फेरफाराची मुभा देतो. एल्कनर हे कोणी मोठे ग्रंथकार नव्हते. आपल्या वर्गातील मुलांना काय हवे, एवढे ओळखणारे शाळामास्तर होते. अशी ओळख असलेले शिक्षक महाराष्ट्रात नाहीत असे कोण म्हणेल? तोवर निदान एवढे तरी करावे: अडलेल्या विद्यार्थ्यास ‘तुला जमणार नाही’ असे सांगण्यापूर्वी त्याच्या हातातील पुस्तक एकदा स्वतः उघडून पाहावे.