कोपेश्वराच्या काठावरची वर्षं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा फोटो म्हटलं की बहुतेकांना एकच चित्र आठवतं: खाली गोल रंगशिळा, भोवती खांबांचं कडं आणि वर आभाळाचा गोल तुकडा. स्वर्गमंडपाचं हे छत मधोमध सुमारे १३ फूट व्यासाचं उघडं आहे. मंडपात एकूण ४८ खांब. चित्र सुंदर आहे, मीही ते पुष्कळदा टिपलं आहे. पण त्यात कृष्णा नदी दिसत नाही, आणि कृष्णेशिवाय हे देऊळ समजत नाही, असं माझं मत गेल्या काही वर्षांत पक्कं होत गेलं. त्या वर्षांचा हा मागोवा.

२०१३ साली नोकरीसाठी बंगळुरूच्या व्हाइटफील्डला राहायला आलो. माझं आजोळ जवळच्या कुरुंदवाडचं, त्यामुळे खिद्रापूर लहानपणापासून ओळखीचं. पण ‘गावाकडचं देऊळ’ म्हणून जे पाहिलं होतं, त्याच्याकडे निरखून पाहायला लागलो तो बंगळुरूला आल्यावर. इथे राहून सोमनाथपूर, बेलूर, हळेबीडला जाणं सोपं झालं. होयसळांचे शिल्पी मऊ दगडात काम करत. खाणीतून काढताना तो सहज कोरता येतो आणि उघड्यावर राहिला की टणक होत जातो. खिद्रापूरच्या शिल्पींपुढे काळा बसाल्ट होता. शिलाहारांच्या राजवटीत, बाराव्या शतकात, त्यांनी त्या कठीण दगडाचे खांब इतके गुळगुळीत घासले की अजूनही त्यांच्या अंगावर उजेडाची रेघ उमटते. एरवी काळा दगड उजेड पिऊन टाकतो. भर दुपारी बाहेरच्या भिंतीचा फोटो काढला, तर मूर्ती सपाट दिसतात. सकाळी आठच्या आत किंवा दिवस कलल्यावर ऊन तिरकं लागतं, तेव्हाच गजथरावरच्या हत्तींच्या पाठीवरच्या झुली, साखळ्या, घंटा सुट्या दिसायला लागतात. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत. त्या तुटक्या कडासुद्धा तिरक्या उन्हातच नीट कळतात.

छताच्या गोलाचं गणित मला व्हाइटफील्डमध्ये उमगलं. बंगळुरूत दर वर्षी २४ एप्रिलच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरून जाते. शाळांतून, विज्ञानसंस्थांतून तो दिवस हौसेनं पाळतात. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मुलांनी बाटल्या उभ्या करून तो पाहिला, तेव्हा पहिला विचार खिद्रापूरचा आला. खिद्रापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे तिथे हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस येणार. त्या वेळी दुपारी साडेबाराच्या आसपास उन्हाचा गोल रंगशिळेवर सरळ उतरतो. दुसरी वेळ ऑगस्टच्या सुरुवातीची, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि नदीही.

त्रिपुरी पौर्णिमेच्या चंद्राचंही असंच. त्या रात्री चंद्र छताच्या गोलाच्या बरोबर वर येतो म्हणून गर्दी लोटते. कारण सरळ आहे: त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे जेवढा कललेला, साधारण तेवढाच पौर्णिमेचा चंद्र उत्तरेकडे, आणि हा कल खिद्रापूरच्या अक्षांशाच्या जवळपास येतो. पण चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे आणि तिचं चक्र साडेअठरा वर्षांचं. त्यामुळे दर वर्षी चंद्राची जागा बदलते. २०१५ च्या त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र जवळजवळ नेमका डोक्यावर होता. २०२४ ला तो पाच-साडेपाच अंश उत्तरेला होता, म्हणून चांदण्याचा गोल दक्षिणेकडे सरकलेला. ‘यंदा नेमकं जुळलं नाही’ असं कुणी हळहळलं, की मी हे सांगतो. बांधणाऱ्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. आभाळाचा हिशेब मात्र कुणालाही मांडता येतो.

मंदिरावर शिलालेख आहेत. देवगिरीच्या सिंघण यादवाचा संस्कृत लेख देवनागरीत, १२१३-१४ च्या सुमाराचा, देवळाला दिलेल्या दानाचा. बाकीचे बहुतेक जुन्या कन्नडात. आम्हां मुलांना ते लेख म्हणजे नुसती नक्षी वाटायची. कचेरीतल्या एका कन्नड सहकाऱ्याला फोटो दाखवले, तर त्यांनी मोठं करून पाहत काही अक्षरं लावली आणि म्हणाले, ‘‘सर, हे तर आमचंच आहे की!’’ तुमचंही आणि आमचंही, एवढंच मी म्हणालो. लेख वाचता यावा असा फोटो कसा काढायचा, हेही बंगळुरूतच शिकायला मिळालं. आमच्या व्हाइटफील्डमध्ये, आयटी पार्कच्या परिसरात, पट्टंदूरला १०४३ सालचा चोळकालीन शिलालेख सापडलेला आहे. त्यात तळं बांधल्याची नोंद आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेली बंगळुरूची मिथिक सोसायटी गेली काही वर्षं शहराच्या परिसरातले असे लेख त्रिमितीय स्कॅन करून जतन करते आहे. झिजलेली अक्षरं समोरच्या उजेडात दिसत नाहीत, बाजूनं उजेड टाकला की वर येतात. बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून धरायची आणि एकाच ओळीचे चार बाजूंनी चार फोटो घ्यायचे. खिद्रापूरच्या लेखांचं असं पद्धतशीर काम दोन्ही राज्यांतल्या अभ्यासकांनी मिळून करावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आता नदी.

बंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघालं, की सकाळी कुडची सोडल्यावर गाडी कृष्णेच्या पुलावर येते. वर्षानुवर्षं त्या पुलावरून पाणी पाहायचं आणि मिरजेला उतरायच्या आत ठरवायचं, काठावर कुठवर जाता येईल. एप्रिल-मेमध्ये खडक उघडे पडलेले असतात. त्यांवर नदीसुरय बसतात, पाणकावळे पंख वाळवतात, उसाच्या कापलेल्या रानात शराटी चरत असतात. पलीकडे कर्नाटकातलं जुगूळ. नंदीही कर्नाटकातच, यडूरला. कोपेश्वरापुढे नंदी नाही, कारण सतीला दक्षाच्या यज्ञाला घेऊन तो गेला, अशी इथली कथा. रागावलेल्या शंकराची समजूत घालायला विष्णू धोपेश्वर होऊन शेजारी बसला. एकाच गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, ती यामुळे.

नदीकाठचे माझे फोटो एकापुढे एक लावले, तर काठ बदलत गेलेला दिसतो. बाभळी कमी झाल्या, ऊस अगदी पाण्यापर्यंत आला, पंचगंगेतून वाहत येणारी जलपर्णी काही वर्षी दाट, काही वर्षी विरळ. व्हाइटफील्डला राहणाऱ्याला पाण्याचं असं बिघडणं नवीन नाही. २०१५ मध्ये वर्तूर तलावाचा फेस रस्त्यावर उडत होता आणि येणारा-जाणारा थांबून त्याचे फोटो काढत होता. तो फेस सांडपाण्याचा. तेच पाणी पुढे दक्षिण पिनाकिनीत आणि तिच्यातून तमिळनाडूत जातं. खालच्या गावांना वरचं शहर काय पाठवतं, हे तिथे जसं दिसतं, तसंच शिरोळ तालुक्यात पंचगंगेतल्या मेलेल्या माशांत दिसतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये मी तिथे नव्हतो. पुणे-बंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला पाण्याखाली गेला, कोल्हापूरकडे वाहनं जाईनात. मामांचा फोन लागला तर लागायचा. ‘‘आम्ही वरच्या मजल्यावर आहोत रे, तू येऊ नकोस,’’ एवढंच ते सांगत. कुरुंदवाडला पाण्याचा वेढा, खिद्रापूरला वेढा, कोपेश्वरात पाणी. व्हाइटफील्डच्या घरात बसून मी रात्रंदिवस व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे फोटो पाहत होतो. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक पाणी गेलं आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडलं, हे आकडे त्या दिवसांत घराघरांत पाठ होते.

पाणी उतरल्यावर गेलो. स्वर्गमंडपाचे फोटो त्या वेळी काढलेच नाहीत. गजथराशी बसलो. हत्तींच्या पायांमधल्या खाचांत, मूर्तींच्या दुमडलेल्या गुडघ्यांमागे, लेखाच्या अक्षरांतही मऊ, बारीक, तपकिरी गाळ भरलेला. भिंतीवर पाण्याची आडवी रेघ. हात लावला तर बोटाला पिठासारखा गाळ लागत होता. मी ती रेघ कोपऱ्या-कोपऱ्यानं, शेजारी मोजपट्टी उभी धरून टिपली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, पुन्हा गेलो, पुन्हा त्याच जागा. दोन पुरांच्या एकाच कोपऱ्यातल्या रेघा शेजारी ठेवून पाहता येतात, आणि माझ्या सगळ्या संग्रहात कामाचे असे हेच फोटो आहेत असं मला वाटतं.

वरच्या अंगाला नरसोबाच्या वाडीला पाणी चढलं की लोक दक्षिणद्वार सोहळ्याला धावतात. नदी उत्तरेच्या दारानं येऊन दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, त्या पाण्यात स्नान करणं पुण्याचं. तिथे पूर हा देवदर्शनाचा भाग आहे, म्हणून वाडीच्या पाण्याचे फोटो घराघरांत असतात. खिद्रापूरच्या पुराला असा सोहळा नाही. तिथले फोटो काढायला पाण्यात अडकलेल्या गावकऱ्यांशिवाय कुणी नव्हतं.

आता देवळात मोबाइल घेऊन येणाऱ्यांची रांग असते. रंगशिळेवर आडवं पडून वरचा गोल टिपायचा, हे ठरलेलं. येणाऱ्यांना देऊळ आवडतं, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं हे संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉडला आणि ड्रोनला परवानगी लागते, ती घ्यावी. गजथरावर पाय ठेवून उभं राहू नये. त्या हत्तींनी आठशेहून जास्त पावसाळे सोसले आहेत.

२०१९ च्या पुरात २००५ च्या पुराचे फोटो नवे म्हणून फिरले, आणि २०२१ मध्ये २०१९ चे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की तो कधी आणि कुठे काढला याची फायलीतली नोंद पुसली जाते, म्हणून नंतर कुणालाच खात्री देता येत नाही. शिरोळ, कुरुंदवाड, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, जुगूळ इथल्या ज्या घरांत देवळाचे, घाटाचे, पुराचे फोटो असतील, मग ते अल्बममधले जुने कृष्णधवल असोत की मोबाइलमधले, त्यांनी एक काम करावं. छापील फोटोच्या मागे पेन्सिलीनं तारीख, जागा आणि पाणी कुठवर होतं ते लिहून ठेवावं. मोबाइलमधली मूळ फाइल जपावी आणि कुणाला पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर हे काम येत्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसूनच उरकावं.