पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलंय? ब्लेडनं कोरू नका, आधी हे वाचा

प्रतिनिधी : मागच्या पावसाळ्यात सोयाबीनच्या कोळपणीला माझा उजव्या पायाचा अंगठा ठणकायला लागला. नखाच्या कडेला लाल झालं होतं. वाटलं, काटा मोडला असेल. रात्री बॅटरीच्या उजेडात दाढीच्या ब्लेडनं नखाचा कोपरा कोरून काढला. दोन दिवस बरं वाटलं. पंधरा दिवसांत अंगठा पुन्हा सुजला, पू धरला, चप्पल पायात जाईना. शेवटी दवाखाना गाठला तेव्हा कळलं, काटा नव्हताच. माझंच नख माझ्या मांसात घुसलं होतं. ऐन कामाच्या दिवसांत आठवडाभर घरी बसावं लागलं.

हा त्रास गावोगावी आहे, पण किरकोळ समजून आपण अंगावर काढतो. म्हणून ही माहिती.

नख आत का घुसतं?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे नख चुकीचं कापणं. आपण हाताच्या नखासारखं पायाचं नखही कोपऱ्यात गोल कापतो, नाहीतर हातानं ओढून तोडतो. अशा वेळी कडेला एक बारीक टोक आत राहून जातं. नख वाढलं की तेच टोक काट्यासारखं मांसात शिरतं.

दुसरं कारण तंग पादत्राण. भरतीसाठी पळणाऱ्या पोरांचे घट्ट बूट, लहान झालेले शाळेचे बूट, दिवसभर पायात असणारे गमबूट, यांनी अंगठा दाबला जातो. त्यात घाम आणि चिखलपाण्यानं कातडी नरम पडते, मग नख आणखी सहज रुततं. अंगठ्यावर दगड पडणं, बैलाचा पाय पडणं, ठेच लागणं यानेही नखाची वाढ वाकडी होते. काहींची नखं मुळातच वळलेली असतात.

घरी काय करायचं?

नुसतं दुखतंय, थोडं लाल आहे, पू नाही आणि तुम्हाला शुगर नाही, तर एवढं करा :

- कोमट पाण्यात 15 ते 20 मिनिटं पाय बुडवा, दिवसातून 3 ते 4 वेळा. चिमूटभर मीठ टाकलं तरी चालेल.
- पाय नीट कोरडा करा. स्वच्छ कापसाची बारीक वात करून नखाच्या कोपऱ्याखाली हलकेच सरकवा, म्हणजे नख मांसावरून वर येईल. वात रोज बदला. फार दुखत असेल तर जबरदस्ती करू नका.
- बरं होईपर्यंत पुढून मोकळी चप्पल वापरा.

दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर दवाखान्यात जा.

काय करायचं नाही?

ब्लेड, सुई, टाचणीनं कोरायचं नाही. चुना, बिब्बा, बॅटरीतलं पाणी असलं काही लावायचं नाही. बिब्ब्यानं कातडी भाजते आणि जखम वाढते. नखाच्या मधोमध खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, असं काही जण सांगतात. त्यात तथ्य नाही. नख मुळाकडून वाढतं, पुढं खाच पाडून त्याची वाढ बदलत नाही.

डॉक्टर काय करतात?

पू झाला, कडेला लाल मांसाचा कोंब आला, लाली अंगठ्यावरून पायाकडे पसरायला लागली किंवा ताप आला, तर थांबू नका. नुसत्या गोळ्यांनी पू कमी होतो, पण नख आतच टोचत राहिलं तर दुखणं परत येतं.

अशा वेळी डॉक्टर अंगठ्याच्या बुडाशी भुलीचं इंजेक्शन देतात आणि नखाची फक्त रुतलेली कड उभी कापून काढतात. इंजेक्शन टोचताना दुखतं, नंतर काही कळत नाही. काम अर्ध्या तासाच्या आत होतं, माणूस त्याच दिवशी घरी येतो. वारंवार त्रास होत असेल तर त्या कडेच्या मुळाला फिनॉल नावाचं औषध लावतात, म्हणजे तेवढी कड पुन्हा उगवत नाही. हे फरशी पुसायचं फिनेल नव्हे, घरी प्रयोग करू नका. पूर्ण नख काढलं तर नवं यायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागतं आणि ते परत रुतूही शकतं. जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही डॉक्टरांना विचारा.

शुगर असेल तर एक दिवसही थांबू नका

शुगरच्या पेशंटच्या पायाची जाणीव कमी होते. नख रुतलेलं कळत नाही, पाणी गरम आहे हेही कळत नाही. वर रक्तपुरवठा कमी असला तर जखम लवकर भरत नाही. साध्या नखावरून बोट कापायची वेळ येऊ शकते. म्हणून त्यांनी घरगुती उपाय करूच नयेत, सरळ डॉक्टर गाठावा. घरातल्या पोरांनी आई-वडिलांचे पाय रोज रात्री बघावेत. वयाची 30 वर्षं झाली असतील तर शुगर तपासून घ्या, सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.

पुन्हा होऊ नये म्हणून

अंघोळीनंतर नख नरम असताना नेलकटरनं सरळ रेषेत कापा. कोपरे बोटाच्या टोकाबरोबर राहू द्या, आत घुसून कापू नका. फार बारीकही करू नका. बूट घेताना पुढं बोटं हलतील एवढी जागा बघा. शेतातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा.

माझा अंगठा आता बरा आहे. ब्लेड मात्र दाढीपुरतंच ठेवलंय.