‘कंडेन्स’ आणि आटवणे

काही वर्षांपूर्वी आंदर मावळातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी जलचक्राचा फलक लिहून दिला. हाताशी इंग्रजी पुस्तक होते आणि त्यात ‘कंडेन्स’ हे क्रियापद. दुधाला आपण ‘आटवणे’ म्हणतो, तेव्हा मी बेधडक लिहिले, ‘उंचावर वाफ आटते आणि तिचा ढग होतो.’ प्रदर्शन पाहायला आलेले एक आजोबा फलकापुढे थांबले. म्हणाले, “दादा, वाफ आटली तर पाऊस कुठनं यायचा?”

त्या प्रश्नाने मला ‘कंडेन्स’च्या मागे लावले.

लॅटिनमध्ये ‘डेन्सस’ म्हणजे दाट. घनतेला इंग्रजीत म्हणतात ती ‘डेन्सिटी’ त्यातलीच. त्याला ‘एकत्र’ या अर्थाचा, पुष्कळदा केवळ जोर देणारा, ‘कॉन’ हा उपसर्ग लागून ‘कॉन्डेन्सारे’ झाले, आणि ते फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकात इंग्रजीत आले. हे क्रियापद फक्त शेवट सांगते : वस्तू दाट झाली. कशाने झाली, तिच्यातून काय गेले, याबद्दल ते गप्प. म्हणूनच ते कुठेही चालते. जेम्स वॉटने १७६५मध्ये वाफ वेगळ्या भांड्यात गार करण्याची युक्ती काढली, ते भांडे कंडेन्सर. व्होल्टाने १७८२मध्ये आपल्या विद्युत उपकरणाला तेच नाव दिले, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे तिथे वीज दाट होत होती. शास्त्रज्ञांनी पुढे ‘कपॅसिटर’ शब्द घेतला, आपल्याकडे मात्र पंख्याचा कंडेन्सरच जातो. अमेरिकेत गेल बोर्डेनने १८५६मध्ये पेटंट घेतले ते दूधही ‘कंडेन्स्ड’च.

आता गंमत पाहा. दुधातून पाणी वाफ होऊन निघून जाते, तर वॉटच्या भांड्यात वाफेचे पाणी होते. क्रिया उलट्या, क्रियापद एकच.

मराठी ‘आटणे’ची नजर जाणाऱ्यावर असते. उन्हाळ्यात विहीर आटते, म्हैस आटते, चुलीवर दूध आटते. गाईच्या दुधात शेकडा ८७च्या आसपास पाणीच असते. ते गेल्यावर खवा हाती लागतो हा आपला फायदा. क्रियापदाला त्याचे देणेघेणे नाही. दाट होण्याच्या इतर तऱ्हांना इतर शब्द आहेत. तूप थिजते, रक्त साकळते, धुके दाटते, भरावाची माती धुम्मस करून बसवतात. इंग्रजीपेक्षा आपली भाषा श्रीमंत, असे मला म्हणायचे नाही. ती इथे अधिक चौकस आहे, इतकेच.

वाफेचे काय? भूगोलाच्या पुस्तकात ‘सांद्रीभवन’ आहे, विज्ञानाच्या पुस्तकात ‘संघनन’. सांद्रीभवन हा शब्द मुलांना बोजड वाटतो, पण घडण नेमकी आहे. त्यातला दीर्घ ‘ई’ संस्कृत व्याकरणातल्या ‘च्वि’ प्रत्ययाची खूण : जे आधी तसे नव्हते, ते तसे होणे. सांद्र म्हणजे दाट. यातही कोणी काही गमावत नाही, आणि ते बरोबरच आहे. उकळबिंदूला एक लिटर पाण्याची सुमारे सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते. तीच परत गार झाली की वजन तेवढेच राहून जागा तेवढी कमी होते. आजोबांचा आक्षेप शास्त्रशुद्ध होता.

तरी बोलीतला शब्द हवाच होता, आणि तो चहा पिताना सापडला. चष्म्यावर वाफ धरते. झाकणाला धरते, पहाटे गवतावर दव धरते. वाफेला धरायला काहीतरी लागते, हे या क्रियापदातच आहे. कोकणातून येणारे वारे कुसूर-खांडीच्या बाजूला सह्याद्रीच्या कड्यावर चढतात, वर हवेचा दाब कमी म्हणून पसरतात, पसरून गार होतात. मग त्यांतली वाफ धुळीच्या आणि समुद्री मिठाच्या बारीक कणांवर धरते. त्या पावसाचे पाणी ठोकरवाडीला अडवलेले आहे. पूर्वेला वाहणारे ते पाणी पश्चिमेला वळवून घाटाखाली भिवपुरीला सोडतात, आणि १९२२पासून तिथे वीज होते. (‘धरण’ हा शब्दही ‘धरणे’च्याच कुळातला.)

पुढच्या वर्षी फलक नव्याने लिहिला : ‘उंचावर वाफ गार होते आणि धुळीच्या कणांवर धरते. त्याचा ढग होतो.’ खाली बारीक अक्षरात ‘सांद्रीभवन’. आजोबांनी तो बोट फिरवत वाचला आणि ‘धुळीच्या’मधला ऱ्हस्व ‘धु’ दाखवून विचारले, “हा दीर्घ नको का?” मी घरी येऊन कोश पाहिला. ‘धूळ’ दीर्घ, ‘धुळीच्या’ ऱ्हस्व. या वेळी मी बरोबर होतो.