डिजिटल ओळख व स्मार्ट उपकरणांची सुरक्षा (जालना जिल्हा)

एखादी व्यक्ती तीच आहे, हे संगणकीय यंत्रणेला पटवून देणाऱ्या खुणांच्या समुच्चयास डिजिटल ओळख म्हणतात. आधार क्रमांक, बोटांचे ठसे, मोबाईलवर येणारा ओटीपी आणि पासवर्ड या त्यांतील प्रमुख खुणा होत. इंटरनेटला किंवा मोबाईल जाळ्याला जोडलेली उपकरणेही आपल्या मालकाला अशाच खुणांवरून ओळखतात. त्यामुळे उपकरणाची सुरक्षा आणि माणसाच्या ओळखीची सुरक्षा हे दोन निराळे विषय मानता येत नाहीत. शेतीप्रधान जालना जिल्ह्यात अनुदान, पीकविमा आणि ई-पीक पाहणी यांचे व्यवहार या खुणांवरच चालतात.

उपकरणे

स्मार्ट उपकरण म्हटले की शहरी घरातील बोलका स्पीकर डोळ्यांसमोर येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र विहिरीवरील मोटारीचा मोबाईल स्टार्टर हे त्याहून महत्त्वाचे उपकरण होय. त्यात सिमकार्ड असते. घरून फोन लावला की पंप सुरू होतो व रात्रीची वीज आल्यावर मोसंबीच्या बागेत जाण्याची यातायात वाचते. केवळ नोंदवलेल्या क्रमांकांचाच आदेश स्वीकारण्याची सोय चालू केलेली नसेल, तर ते सिम ज्याला ठाऊक आहे असा कोणीही पंप चालवू शकतो. कोरड्या विहिरीत चाललेली मोटार जळते, हे सांगावयास नकोच.

सीसीटीव्ही कॅमेरा व वाय-फाय राउटर यांचा धोका अधिक व्यापक आहे. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड बहुतेक जण बदलत नाहीत. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने असे सुमारे साठ प्रचलित पासवर्ड आजमावून जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांकरवी झालेल्या हल्ल्याने अनेक मोठी संकेतस्थळे ठप्प झाली. २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांची चित्रणे इंटरनेटवर विकली गेल्याचे उघड झाले. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील व्यक्तीही होत्या. कॅमेरा चोरावर नजर ठेवण्यासाठी बसवला जातो. दुर्लक्ष झाल्यास तोच परक्याचा डोळा ठरतो.

अंगठ्याचा ठसा

आधार-आधारित बँक व्यवहारात (एईपीएस) आधार क्रमांक, बँकेचे नाव व बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी लागत नाही. गावातच पैसे मिळत असल्याने वृद्धांना ही सोय मोलाची वाटते. परंतु जमिनीच्या खरेदीखतांवर आधार क्रमांक व ठसा दोन्ही आढळतात. देशात काही ठिकाणी अशा दस्तांवरून रबरी वा सिलिकॉनचे ठसे बनवून खाती रिकामी करण्यात आली आहेत. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. यावर उपाय म्हणून आधार प्राधिकरणाने बायोमेट्रिक कुलुपाची सोय दिली आहे. संकेतस्थळावरून किंवा एम-आधार ॲपमधून ठसे बंद ठेवता येतात व गरजेपुरते उघडता येतात. त्यासाठी मोबाईल क्रमांक आधारशी जोडलेला असावा लागतो आणि अनेकांचे नेमके तेथेच अडते.

उसनी दिलेली ओळख

२०२५ मध्ये जालना जिल्ह्यात अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपातील गैरव्यवहार उघडकीस आला. अंबड व घनसावंगी तालुक्यांतील या प्रकरणात वरिष्ठांचे लॉगिन व पासवर्ड वापरून बोगस लाभार्थ्यांच्या नावे रकमा काढल्याचा आरोप आहे. अनेक महसूल कर्मचाऱ्यांचे निलंबन झाले व गुन्हेही नोंदवले गेले. येथे यंत्रणा फोडण्यासाठी कोणताही विषाणू लागला नाही. कामाच्या सोयीसाठी पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देण्याची रीत कार्यालयांत रूढ आहे, तशीच ती घरांतही आहे. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला फोनसह ओटीपी देणे हा तिचाच एक प्रकार होय.

तक्रार व कायदा

आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे लागते. रक्कम पुढच्या खात्यांत विखुरण्यापूर्वी ती गोठवणे हा त्यामागील हेतू आहे; पहिले काही तास त्यामुळेच निर्णायक ठरतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.