प्रकाशाला ‘बास’ कसं म्हणायचं?

मतदानाच्या दिवशी तुमच्या फॅमिली ग्रुपवर काय येतं, ते मी न बघता सांगू शकते. आई-बाबांचा सेल्फी, आत्याचा सेल्फी, काकांचा थोडा हललेला सेल्फी, आणि सगळ्यांच्या डाव्या हाताची तर्जनी कॅमेऱ्यासमोर. आपण इकडे बसून फक्त इमोजीचा अंगठा दाखवायचा.

पुढच्या वेळी बाबांना एक काम सांगा. शाई लावल्या लावल्या बोटाचा एक फोटो, आणि उन्हातून चालत घरी पोचल्यावर दुसरा. पहिल्यात शाई जांभळी दिसेल, दुसऱ्यात काळपट. मधल्या वेळात कोणी दुसरा थर दिलेला नसतो. ते काम उन्हाने केलेलं असतं.

या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने कृती दिली आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरचा ‘मैसूर पेंट्स अँड व्हार्निश’ हा कर्नाटक सरकारचा कारखाना ही शाई बनवतो. बोटाला लागली की कातडीवरच्या मिठाशी तिची प्रक्रिया होते आणि सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही. त्यावर प्रकाश पडला की त्यातून चांदीचे अतिशय बारीक कण सुटे होतात. चांदी आणि काळी? हो, कण इतके बारीक असले की ते चकाकत नाहीत, प्रकाश गिळतात. मग साबण लावा, लिंबू चोळा, काही उपयोग नाही. कातडी झडेल आणि नख वाढेल तेव्हाच ती जायची.

बोटासाठी एवढं पुरतं, कारण तिथे सगळंच काळं व्हायला हवं असतं. आता हेच रसायन कागदाला लावून त्यावर झाडाचं पान ठेवा आणि ऊन दाखवा. पानाच्या बाहेरचा कागद काळा, पानाखालचा पांढरा. चित्र मिळालं! पण ते बघायला तुम्ही पान उचललंत की पांढरा भागही काळा व्हायला लागणार. इंग्लंडमध्ये वेजवुड आणि डेव्ही यांनी १८०२ मध्ये अशी चित्रं काढल्याचं प्रसिद्ध केलं होतं. ती मेणबत्तीच्या उजेडात, चोरून बघितल्यासारखी बघावी लागत. प्रकाशाने चित्र काढता येत होतं, पण काढून झाल्यावर प्रकाशाला ‘बास’ म्हणता येत नव्हतं.

ते म्हणायची रीत जिथे सापडली, तिथून मी रोज ट्रेन पकडते. स्लाऊ.

स्लाऊ म्हटलं की माझ्या लंडनच्या मित्रांना औद्योगिक वसाहत, चॉकलेटचा कारखाना आणि ‘तिथे भाडं कमी आहे ना?’ एवढंच आठवतं. भाडं कमी आहे, म्हणूनच मी तिथे राहते. पण गावात हर्शल स्ट्रीट आहे, हर्शल पार्क आहे आणि शॉपिंग सेंटरचं नाव ‘ऑब्झर्व्हेटरी’ आहे. हर्शल हे नाव तुमच्या आजोबांना पंचांगातून माहीत असेल. आपल्याकडे युरेनसला हर्शल म्हणतात, तो ग्रह १७८१ मध्ये शोधणाऱ्या विल्यम हर्शलवरून. विल्यम पुढे स्लाऊला राहायला आला आणि घराच्या अंगणात त्याने चाळीस फूट लांबीची दुर्बीण उभी केली. तिचा आरसा सव्वा मीटर रुंद होता आणि पैसे राजा तिसऱ्या जॉर्जने दिले होते. त्याच घरात १७९२ मध्ये विल्यमच्या मुलाचा, जॉनचा जन्म झाला. आपली गोष्ट या जॉनची.

१८१९ मध्ये, विशीत असताना, जॉन हर्शलने एका क्षाराचा अभ्यास केला. आज त्याला आपण सोडियम थायोसल्फेट म्हणतो. त्याच्या लक्षात आलं की पाण्यात न विरघळणारे चांदीचे क्षार या द्रावणात साखरेसारखे विरघळतात. त्याने ते छापलं आणि दुसऱ्या कामाला लागला. फोटोग्राफीचा तेव्हा पत्ताच नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे उत्तर होतं, प्रश्न नव्हता.

प्रश्न यायला वीस वर्षं लागली. जानेवारी १८३९ मध्ये बातमी आली की पॅरिसमध्ये डागेर नावाच्या माणसाने प्रकाशाने चित्र काढून ते टिकवलंय. कृती गुप्त. हर्शलच्या कानावर ही बातमी २२ तारखेच्या सुमारास आली आणि महिना संपायच्या आत त्याने स्वतःची रीत शोधली होती. लोक या वेगाबद्दल फार बोलतात. मला वेग एवढा महत्त्वाचा वाटत नाही. उत्तर वीस वर्षं आधीपासून तयार होतं. ते त्याला वेळेवर आठवलं, याचं मला जास्त कौतुक आहे. मला तीन महिन्यांपूर्वीचा स्वतःचा डेटा आठवत नाही!

त्याची चाचणी इतकी सोपी होती की तुम्ही शाळेत करू शकाल. चांदीचा क्षार लावलेला कागद, अर्धा पुठ्ठ्याने झाकलेला. उन्हात ठेवला, उघडा भाग काळा झाला. मग अंधारात नेऊन सगळ्या कागदावर थायोसल्फेट फिरवलं, स्वच्छ पाण्याने धुतलं, वाळवलं आणि पूर्ण कागद पुन्हा उन्हात ठेवला. काळा अर्धा काळाच राहिला आणि पांढरा अर्धा पांढरा. का? काळ्या भागात धातूची चांदी झालेली होती, तिला हे द्रावण सहसा हात लावत नाही. पांढऱ्या भागात न बदललेला क्षार होता. थायोसल्फेटने त्यातल्या चांदीला धरलं, विरघळवलं आणि ती पाण्याबरोबर गेली. जे काळं होऊ शकलं असतं, तेच कागदावर उरलं नाही.

टॅलबट नावाचा दुसरा एक गृहस्थ स्वतंत्रपणे याच्याच मागे होता. तो चित्र मिठाच्या दाट पाण्याने ‘शांत’ करायचा, पण क्षार कागदातच राहायचा. १ फेब्रुवारीला तो स्लाऊला आला तेव्हा हर्शलने त्याला आपली रीत सरळ दाखवून टाकली. पुढे हर्शलच्या परवानगीने टॅलबटने ती फ्रान्सला कळवली आणि डागेरनेही उचलली. हर्शलने पेटंट घेतलं नाही. टॅलबटने दोन वर्षांनी स्वतःच्या सुधारलेल्या पद्धतीचं घेतलं. १८३९ मध्येच १४ मार्चला रॉयल सोसायटीपुढे हर्शलने या सगळ्याला ‘फोटोग्राफी’ म्हटलं, आणि पुढे ‘निगेटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह’ हे शब्दही त्यानेच रूढ केले.

मग सप्टेंबरमध्ये त्याने वडिलांच्या दुर्बिणीचा फोटो काढला, तोही काचेवर. पाण्यात सिल्व्हर क्लोराइडचा गाळ हळूहळू काचेवर बसू दिला, वरचं पाणी अलगद काढून घेतलं आणि थर वाळवला. दुर्बिणीचा लाकडी सांगाडा तोवर कुजला होता आणि अंगणात मुलं खेळायची. म्हणून ती उतरवायचं ठरलं. त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री सगळं कुटुंब आडव्या नळीत बसलं आणि जॉनने रचलेलं निरोपाचं गाणं गायलं. पुढच्या वर्षी हर्शल कुटुंब केंटला गेलं. ते घरही १९६० च्या दशकात पाडलं गेलं. ती काच मात्र अजून सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. चित्र पुसट झालंय, पण आडव्या-उभ्या लाकडांची ती जाळी ओळखू येते.

जाता जाता: याच गावात १८३३ मध्ये जन्मलेला त्याचा मुलगा विल्यम बंगालमध्ये सरकारी अधिकारी झाला. १८५८ मध्ये जंगीपूरला राज्यधर कोनाई या कंत्राटदाराने करार मोडू नये, म्हणून त्याने शिक्क्यासाठीची तेलकट शाई लावून त्याच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. नंतर तो बोटांच्या ठशांकडे वळला. व्हिसा सेंटरमध्ये तुमची दहा बोटं काचेवर दाबून घेतात ना, ती गोष्ट तिथून सुरू होते.

आता थायोसल्फेटकडे परत. आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांसाठी तो नुसता ‘हायपो’. माझ्या आजी-आजोबांचा लग्नानंतरचा एकच फोटो आहे, बीड जिल्ह्यातल्या एका लहान स्टुडिओत मे महिन्यात काढलेला. आजीचा चेहरा स्वच्छ आहे. आजोबांच्या बाजूने मात्र पिवळट तपकिरी डाग चढत आलाय, आणि दरवर्षी तो थोडा पुढे येतो असं आत्या म्हणते. लहानपणी आम्हाला वाटायचं, भिंतीला ओल आहे म्हणून. ओल होतीच, पण मूळ कारण मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, भलत्याच विषयाचं वाचताना कळलं. हायपोने काम केल्यावर तो कागदातून पूर्ण धुऊन जायला हवा. थोडाही राहिला तर दमट हवेत हळूहळू विघटन पावतो आणि त्यातला गंधक चांदीला धरतो. काळ्या चांदीचं तपकिरी सिल्व्हर सल्फाइड होतं. चित्र वाचवणारं रसायन मागे राहिलं तर तेच चित्र खातं.

जाड कागदाचा फोटो नीट धुवायला तासभर वाहतं पाणी लागतं. मे महिन्यात, बीडमध्ये, तासभर वाहतं पाणी! त्या स्टुडिओवाल्याला मी बोल लावू शकत नाही. घागरभर पाण्यात त्याने दहा जणांचे फोटो बुचकळून काढले असतील. ‘बास’ म्हणायलाही पाणी लागतं.

हर्शलने केंटला गेल्यावर, १८४२ मध्ये, चांदी सोडून लोखंडाचे क्षार वापरले. प्रकाशाने त्यातलं लोह बदलतं आणि पोटॅशियम फेरिसायनाइडबरोबर गडद निळा रंग धरतं. न बदललेले क्षार साध्या पाण्यात निघून जातात, हायपोची गरजच नाही. हाच ब्ल्यूप्रिंट. इमारतीचा नकाशा पारदर्शक कागदावर काढायचा, खाली हा कागद, वर ऊन. रेषेखाली पांढरं, बाकी निळं. आज राजकीय पक्ष विकासाची ब्ल्यूप्रिंट जाहीर करतात, त्यात निळं काही नसतं. हा निळा रंग उजेडात फिकटला तर काही दिवस अंधारात ठेवल्यावर बराचसा परत येतो, असं दुसरं रंगद्रव्य मला चटकन आठवत नाही. धुण्याच्या सोड्यापासून मात्र त्याला जपा.

पुण्याचा सरकारी फोटोझिंको छापखाना ऐकलाय? गावांचे नकाशे जिथे छापले जायचे तो. नावातली रीत अशी: जिलेटिनमध्ये पोटॅशियम बायक्रोमेट मिसळलं की प्रकाश पडलेलं जिलेटिन घट्ट होतं. वरून शाई फासायची आणि कोमट पाण्याने धुवायचं. मऊ राहिलेला भाग शाईसकट वाहून जातो, घट्ट रेषा राहतात, त्या जस्ताच्या पत्र्यावर उतरवायच्या आणि छापायच्या. मी लॅबमध्ये चिपसाठी जो फोटोरेझिस्ट वापरते, त्याचं तत्त्व यापेक्षा फार वेगळं नाही. फक्त पाण्याऐवजी डेव्हलपर, आणि खोलीत पिवळे दिवे, कारण पिवळ्या प्रकाशाने रेझिस्टला काही होत नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसातली उग्र वासाची अमोनिया प्रिंट तर आणखी मजेशीर. तिथे प्रकाश पडेल तिथलं डायझो रसायन नष्ट होतं आणि उरलेल्यातून अमोनियाच्या वाफेत रंग तयार होतो. थांबवण्याचं काम प्रकाशच आधी करून जातो.

आणि झेरॉक्स. चेस्टर कार्लसनने न्यूयॉर्कमध्ये २२ ऑक्टोबर १९३८ ला गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर पहिली प्रत काढली. तिथे प्रकाश रंग बदलत नाही, विजेचा भार पुसतो. जिथे भार उरतो तिथे भुकटी चिकटते. या भुकटीला टोनर म्हणतात, म्हणजे प्लॅस्टिकचे कण आणि त्यात काजळी. काजळी आपल्या ओळखीची आहे, जुनी देशी शाई काजळ आणि डिंकाचीच असायची. पण भुकटी कागदावर नुसती पडलेली असते, फुंकर मारली तर उडेल. म्हणून शेवटी गरम रोलर तिला १८०-२०० अंशांपर्यंत तापवून कागदात वितळवतो. मशीनमधून कागद गरम का येतो, ते हे.

म्हणजे टोनर हे प्लॅस्टिक आहे, आणि याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. भारतातून येताना आईने दिलेलं ते पारदर्शक फोल्डर असेल ना, दहावीचं मार्कशीट, जन्मदाखला, सगळ्याच्या झेरॉक्स असलेलं? मऊ पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये प्लॅस्टिक मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य असतं. ते हळूहळू टोनरमध्ये शिरतं, टोनर चिकट होतो आणि अक्षरं कागद सोडून फोल्डरवर जाऊन बसतात. माझा शाळा सोडल्याचा दाखला असाच एका मुलाखतीच्या आदल्या रात्री फोल्डरमधून कोरा होऊन बाहेर आला, आणि फोल्डरवर माझं नाव उलटं वाचता येत होतं. नशिबाने ती झेरॉक्स होती, मूळ प्रत आईकडे होती.

आज घरी गेल्यावर ते फोल्डर उघडून बघा. कागद सुटा असेल तर साध्या कागदी पाकिटात हलवा. चिकटला असेल तर ओढू नका. आहे तसा, प्लॅस्टिकसकट, आधी स्कॅन करा.