मत, शेरा आणि निवाडा

वादाच्या ऐन भरात 'हा केवळ तुमचा मूल्यनिर्णय झाला' असे म्हणून प्रतिपक्षाला गप्प करण्याची रीत आपल्याकडे चांगलीच रूढ झाली आहे. मूल्यनिर्णय म्हणजे बोलणाऱ्याची लहर, तिला प्रमाण नसते आणि म्हणून तिचा प्रतिवादही करावा लागत नाही, असा समज त्यामागे असतो. याच्या उलट, आपला मूल्यनिर्णय हीच वस्तुस्थिती आहे अशा थाटात बोलणारेही कमी नाहीत. वरकरणी हे दोन पक्ष परस्परविरोधी वाटतात. पण दोघांचाही गोंधळ एकाच जागी आहे.

'या वर्गात सत्तर विद्यार्थी आहेत' हे वर्णन झाले. ते खरे की खोटे, हे डोकी मोजून ठरवता येते. 'एका वर्गात इतके विद्यार्थी असू नयेत' हा मूल्यनिर्णय. तो डोकी मोजून ठरत नाही, त्याला कारणे द्यावी लागतात. 'आहे' म्हणता म्हणता लेखक नकळत 'असावे' म्हणू लागतात, हे डेव्हिड ह्यूमने १७४० साली दाखवून दिले. पुढे माक्स वेबरने १९०४ च्या निबंधात समाजशास्त्राच्या संदर्भात हाच भेद आग्रहाने मांडला. मूल्ये त्याज्य आहेत, असे त्याचे म्हणणे नव्हते. अभ्यासकाने एकाचे सोंग दुसऱ्याला देऊ नये, विशेषतः ज्याचे श्रोते उलट बोलू शकत नाहीत अशा अध्यापकाने तर मुळीच देऊ नये, एवढेच त्याचे सांगणे होते.

मूल्यनिर्णयाच्या आसपास वावरणारे शब्दही एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. 'मला कारले आवडत नाही' ही आवड; तिला कारण मागणे अप्रस्तुत. 'हा पूल पावसाळ्यात टिकणार नाही' हे मत. ते बरोबर की चूक हे पाऊसच ठरवील. अभिप्राय हा मागितल्यावर द्यायचा असतो. कचेरीतील कागद 'अभिप्रायार्थ सादर' होतो तो त्यासाठीच. मूल्यमापनात एखादी मोजपट्टी आधीच ठरलेली असावी लागते. पूर्वग्रह म्हणजे पुरावा पाहण्यापूर्वीच झालेला निर्णय. शेरा एका ओळीचा, एकतर्फी आणि बहुधा विनाकारण असतो. निवाडा मात्र 'निवडणे' या क्रियेशी नाते सांगणारा शब्द आहे. खडे बाजूला काढून धान्य राखावे तसे दोन्ही बाजू ऐकून ग्राह्य ते राखणे, हा त्याचा अर्थ. हे सर्व मूल्यनिर्णयाचे नातलग खरे, पण प्रत्येकाचे दायित्व निराळे आहे.

शिवाय काही शब्द असे असतात की त्यांत वर्णन आणि मूल्य एकजीव झालेले असते. 'क्रूर', 'शूर', 'आळशी' हे ते शब्द. १९८५ मध्ये बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने अशा शब्दांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. 'मुलगा आळशी आहे' असे आपण लिहितो तेव्हा गृहपाठ झाला नाही ही वस्तुस्थिती आणि दोष मुलाचा आहे हा निर्णय, या दोन्ही गोष्टी एका शब्दात उरकतो. घरी दिवा नव्हता की धाकटी भावंडे सांभाळायची होती, हा प्रश्न मग उपस्थितच होत नाही.

ही शब्दांची कसरत नव्हे. सीमा रस्ते विभागातील एका कार्यकारी अभियंत्याच्या गोपनीय अहवालात १९९३-९४ या एका वर्षापुरता 'चांगला' असा शेरा होता. शब्दकोशात हा शब्द स्तुतिपर आहे. परंतु बढतीसाठी पाचही वर्षे 'फार चांगला' शेरा आवश्यक होता, त्यामुळे ही स्तुतीच त्याच्या बढतीच्या आड आली. केवळ प्रतिकूल शेराच कळवायचा, अशी प्रथा असल्याने त्याला तो कळवण्यातही आला नव्हता. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निर्णय दिला : शेरा कोणताही असो, तो संबंधिताला कळवला पाहिजे व त्याविरुद्ध दाद मागण्याची संधी दिली पाहिजे. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सुखदेव सिंग प्रकरणात हेच तत्त्व कायम केले. महाराष्ट्रातील गोपनीय अहवालांत 'चांगला' आणि 'निश्चित चांगला' अशा दोन निराळ्या प्रती आहेत, हे ज्या लिपिकाला ठाऊक आहे त्याला या निर्णयाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

न्यायालयाने मूल्यनिर्णय करण्यास बंदी घातली नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. वरिष्ठाने कनिष्ठाचे काम जोखू नये असे कोणी म्हटले, तर बढती केवळ वयावर किंवा वशिल्यावरच ठरेल. न्यायालयाने शेऱ्याला निवाड्याच्या दिशेने एक पाऊल टाकायला लावले, इतकेच.

शाळांतही हाच प्रश्न आहे. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली आणि गुणांच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या. मराठीत 'गुण' म्हणजे अंगचा गुणही आणि परीक्षेतले अंकही. या दोहोंतील अंतर कमी व्हावे, हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. परंतु तयार यादीतून उचललेली 'सहभाग समाधानकारक' ही नोंद नावानेच वर्णन असते. ती ना वर्णन, ना निर्णय. 'तोंडी हिशेब अचूक करतो, लिहिताना हातचा विसरतो' हे मात्र वर्णन आहे. त्यातून उद्या काय शिकवायचे ते कळते.

मूल्यनिर्णयावाचून माणसाचे चालत नाही. 'कोणी कोणाला बरेवाईट म्हणू नये' हे वाक्यही एक मूल्यनिर्णयच आहे. प्रश्न तो करावा की नाही हा नसून तो कसा करावा हा आहे. कोणत्या घटनेवरून म्हणतो, कोणत्या मोजपट्टीने म्हणतो आणि ज्याच्याविषयी म्हणतो त्याचे ऐकले आहे काय, हे तीन प्रश्न लेखणी टेकण्यापूर्वी स्वतःला विचारणारा शिक्षक वा अधिकारी कदाचित चुकेलही. पण त्याची चूक दाखवून देता येईल. ज्याची चूक दाखवताच येत नाही असा शेरा अन्यायाला अधिक सोयीचा असतो.